पाण्याचा ग्लास किती लांब आहे?

प्रश्न : सासऱ्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दोन हॉस्पिसची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करून काळजी घेणाऱ्या केंद्रांची नावं मिळालीत. काय पाहून ठरवावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाचं विचारा. तोंडाने घ्यायच्या गोळ्या केंद्रात आहेत का? आणि त्या ठरलेल्या वेळी देतात, की पेशंट कण्हायला लागल्यावर? अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, त्यामुळे ‘परवानगीची फार कटकट असते’ ही सबब मी तरी ऐकून घेत नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषधही लिहिलेलं दिसलं, तर माणसं जाणती आहेत असं समजा.

बघायला जाल ते न कळवता, दुपारी तीनच्या सुमारास. माझ्या आईसाठी मी एका ठिकाणी गेले होते. दारात ताजी फुलं, आणि आत एका आजींचे ओठ भेगाळलेले. पाण्याचा ग्लास भरलेला होता, पण त्यांचा हात पोचणार नाही इतका लांब. आम्ही तसेच परत फिरलो. (फुलं मात्र सुरेख होती हो!) तोंड ओलं ठेवतात का, कूस किती वेळाने बदलतात, हे नर्सला विचारा, मॅनेजरला नको.

सासरे घरीच राहणार असतील, तर रात्री दोनला केंद्राचा फोन कोण उचलतं? एकदा लावूनच बघा.

महागडं तेच चांगलं असं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत सेवा करतंय. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्रही पैसे घेत नाही, आणि साताऱ्याहून तुम्हाला तेच जवळ पडेल.