ऊर्जा गुंतवणुकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला स्वखर्चाने जावं का?

तुम्ही विचारलंय की जळगावात तुमचा सोलर बसवण्याचा छोटा व्यवसाय आहे, तर विकसनशील देशांतल्या ऊर्जा गुंतवणुकीवरच्या परिषदेला पदरचे पैसे घालून जाण्यात अर्थ आहे का.

जा. पण कामं मिळतील म्हणून जाऊ नका. तिथे बोलणी शेकडो मेगावॅटची चालतात. २०२४ च्या सप्टेंबरात गांधीनगरच्या री-इन्व्हेस्ट या अक्षय ऊर्जेच्या गुंतवणूक परिषदेत २०३० पर्यंतच्या ३२.४५ लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची आश्वासनं दिली गेली. त्या आकड्यांत तुमच्या-माझ्या दहा किलोवॅटच्या छताला कोण विचारणार?

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला. दिल्लीतल्या अशाच एका परिषदेला गेलो होतो, साडूकडे जादा पास होता म्हणून. पहिला दिवस सगळा व्याजावर गेला, आणि तो ऐकण्यासारखा होता. सौर प्रकल्पाला कोळसा लागत नाही, म्हणजे पंचवीस वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच, तोही कर्ज काढून. पॅनेलचा भाव जर्मनीत आणि केनियात फारसा वेगळा नाही. व्याज मात्र केनियात दुपटीच्या वर, म्हणून तेच ऊन तिथे महाग पडतं. शिवाय कर्ज डॉलरमध्ये, वसुली स्थानिक चलनात, आणि वितरण कंपनी बिल कधी चुकवेल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी एका वक्त्याने मध्य प्रदेशातल्या रीवाचं उदाहरण दिलं. ७५० मेगावॅट, २०१७ चा लिलाव, पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे. इतका स्वस्त का, तर बिलाच्या पैशांना राज्य सरकारची हमी होती आणि जमीन आधीच ताब्यात घेऊन ठेवली होती. पडद्यावर ओळ आली, ‘जमिनीची जोखीम: नाही’. आणि मला आमचा दादा आठवला.

आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे पंखे उभे राहिले तेव्हा आमच्याकडेही दलाल फिरायला लागले. वडिलोपार्जित चार एकर बरड होतं. मी म्हटलं, विकू नको, भाड्याने दे, कंपनीला जागा पंचवीस वर्षं लागणार आहे तर आपल्यालाही पंचवीस वर्षं पैसे मिळू देत. दादा म्हणाला, “तठे काय पिकस, दगडे?” आणि सह्या झाल्या. दलालाने ती जमीन पुढे कितीला दिली हे कळलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. दादाशी माझं वर्षभर बोलणं बंद होतं.

मी उठलो. हिंदीतच विचारलं की जमीनमालकाला पंचवीस वर्षांत काय मिळणार, हे तुमच्या हिशेबात कुठल्या ओळीत आहे? वक्ता म्हणाला, जमीन प्रकल्पखर्चात एकदाच धरली जाते. मी म्हटलं, मग जोखीम गेली कुठे, ती माझ्या भावाच्या अंगावर आली. सभागृह गप्प झालं. मला त्या प्रश्नाचा आजही अभिमान आहे.

चहाच्या वेळी केनियातली एक बाई मला शोधत आली. त्यांच्याकडच्या लेक टर्काना पवनऊर्जा प्रकल्पाचं तिने सांगितलं. ३१० मेगावॅटचा, गुरं चारणाऱ्यांच्या माळावर उभा राहिलेला. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या जमिनीची मालकीपत्रंच बेकायदा ठरवली. मी तिला आमच्या ठेलाऱ्यांचं सांगितलं, मेंढरं घेऊन याच माळांवरून जाणाऱ्यांचं. कागदावर पडीक लिहिलेली जमीन कुणाच्या तरी चाऱ्याची असते, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. दोन दिवसांत मिळालं ते हे. तुम्ही जाणार असाल तर अशी माणसं शोधा, व्यासपीठावरची नव्हे.

आणि तुमचं गिऱ्हाईक शेतकरी असेल तर त्याला स्पष्ट सांगा, बरड विकू नको. सौर प्रकल्पांसाठी जमीन भाड्याने घेणाऱ्या राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत आता हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दर वर्षी तीन टक्के वाढ. एकरी पन्नास हजार झाले. आमच्या चार एकरांचे दोन लाख, दर वर्षी, आणि सातबारा आपल्याच नावावर. दादा म्हणतो जमीन विकून आलेल्या पैशात ताईचं लग्न झालं. झालं, ते मी नाकारत नाही. पण लग्नाला कर्ज काढून ते भाड्यातून फेडता आलं असतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

अर्थात हे भाडं कुणालाही मिळत नाही. वीज उपकेंद्र जवळ हवं, सातबाऱ्यावर बोजा किंवा वाद नको. बागायत असेल तर मुळीच देऊ नये. आणि साक्रीचाच शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प महानिर्मितीने जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर उभा केला, २०१३ मध्ये सुरू झाला, म्हणजे बाहेरचा पैसा आपल्याकडे येतो, त्याला माझा विरोध नाही.

फीचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी प्रदर्शन पाहायला पैसे पडत नाहीत, चर्चासत्रांना पडतात. एकाच दिवसाचे भरायचे असतील तर कर्ज आणि जमिनीची सत्रं ज्या दिवशी असतील तो दिवस घ्या.