तालुक्याला जाण्याआधी कपाटातली पासबुकं काढा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. आई गावी, तुम्ही घाटकोपरला, ई-केवायसी झालेली, सातबाऱ्यावर नाव आहे, तरी पीएम किसानचे तीन हप्ते गावच्या पासबुकात नाहीत आणि ऑफिसवाले म्हणतात ‘पैसे गेलेत’. डिट्टो.

मी चार खेपा घातल्या. परळहून रातराणी, सकाळी लाल डोळ्यांनी खिडकीसमोर. साहेब स्क्रीनकडे बघून म्हणणार, “जमा दाखवतंय.” मी पासबुक पुढे करणार. मला वाटलं टोलवतायत. भांडलो, लेखी अर्ज दिला, त्याची पोच मागितली तर तीही नाही. चौथ्या खेपेला एका शिकाऊ पोराने स्क्रीन आमच्याकडे वळवली. बँकेचं नाव तिथेच होतं!

बँक विक्रोळीची. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती तेव्हा मीच सोयीसाठी तिचं खातं उघडलं होतं. सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायची संमती फॉर्मवर होती, मी न वाचता ‘इथे सही कर’ म्हटलं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं. नवीन जोडली की जुनी सुटते, अर्जात कुठलाही खाते नंबर असो. गावच्या बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणाले तेही खोटं नव्हतं, पण ते केवायसीपुरतं. चार हप्ते, 8,000 रुपये, माझ्याच कपाटात. भाड्यात किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तर आधी ‘माय आधार’च्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघा. ओटीपी आईच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाईल, तेव्हा फोनवर तिला सोबत घ्या. (सायबर कॅफेवाल्याला ओटीपी देऊ नका, प्लीज.) दुसरीच बँक दिसली तर ते पासबुक भरून आणा. पैसे गावीच हवे असतील तर गावच्या शाखेत डीबीटी संमतीचा फॉर्म द्या. तिथे ‘लिंक करा’ म्हणू नका, ‘एनपीसीआय मॅपिंग करा’ (म्हणजे सरकारी पैसे याच बँकेकडे वळवा) म्हणा, नाहीतर परत तेच उत्तर येईल.

चाकरमान्यांसाठी एक: सरकारी ऑफिसं 2020 पासून शनिवारी बंद असतात, पण बँका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. पहिला किंवा तिसरा शनिवार धरलात तर रजा वाचते.

मी कुणी एजंट नाही, तुमचं कारण वेगळंही असू शकतं. पीएम किसानच्या स्टेटसला जमिनीची नोंद ‘नाही’ दाखवत असेल तर मात्र तालुका चुकणार नाही.

आणि ‘मुलगा इन्कम टॅक्स भरतो म्हणून आईचं बंद झालं’ हे जे तुम्हाला कुणी सांगितलंय ते सोडून द्या. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. तुम्ही त्यात येत नाही.

पासबुक भराल तेव्हा राज्य सरकारच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे 2,000 पण त्यातच शोधा.