डिझेल इंजिन ऐकायला शिका

नवी बोट घेतलीत ना, मग सुरुवातीला गाणी बंद ठेवा आणि इंजिन ऐका. थंड इंजिनाची खडखड, गरम झाल्यावर बसणारी लय, इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून फुरफुरत पडणारं पाणी... आम्हा बोटवाल्यांचा यात फार जीव असतो, आणि ही ओढ कामालाही येते. पाणी थांबून आवाज कोरडा, पोकळ झाला तर इंजिन लगेच बंद करा. बहुधा पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, गेलेला असतो किंवा पाण्याची गाळणी तुंबलेली. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी. डिझेलचा वास मला अतिशय प्रिय, पण केबिनमध्ये तो रेंगाळत असेल तर गळती शोधा. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र वासच नसतो, त्यासाठी अलार्म बसवाच.