वर्गणी भरून आर्किटेक्टला संघटनेकडून काय मिळतं?

जळगावात नुकतंच ऑफिस टाकलेल्या एका भाऊंनी विचारलंय की, सीनियर मंडळी संघटनेचं सभासद व्हा म्हणतात, पण वर्षाची वर्गणी भरून टाइल्स कंपनीचं प्रेझेंटेशन आणि वर जेवण, यापलीकडे हाती काय लागतं?

काम हाती लागत नाही, हे आधीच सांगतो. खान्देशात काम ओळखीवर मिळतं. मामाच्या गावचा केळीवाला, बँकेतले साहेब, नाहीतर आधीच्या क्लायंटचा साडू. कामाच्या आशेने सभासद होणार असाल तर पैसे वाचवा.

एक घोळ मात्र आधी निस्तरायला हवा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने आलेली. तुमचा नोंदणी क्रमांक तिचा, आणि गैरवर्तनाची तक्रार झाली तर चौकशीही तीच करणार. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांनी स्वतःहून उभी केलेली संस्था. तिचं मूळ १९१७ साली मुंबईच्या जे. जे. मधल्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे, आणि आज तिच्या राज्यवार शाखा व शहरांतली केंद्रं आहेत. तिसरी आपली गावातली संघटना, जिच्यात बऱ्याच ठिकाणी सिव्हिल इंजिनिअरही सोबत असतात. पहिलीच्या नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. बाकीच्या दोघींशिवाय ऑफिस आरामात चालतं, त्यामुळे तुमचा प्रश्न रास्तच आहे.

मग उपयोग कुठे? माझ्या मते, जिथे एकट्याला तोंड उघडता येत नाही तिथे.

नगररचना विभागाचं टेबल डोळ्यासमोर आणा. डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली आली आणि ती बहुतेक राज्याला एकच झाली. पुस्तक एक झालं, अर्थ एक झाला नाही. एका नगरपालिकेत बदलून आलेल्या साहेबांनी पार्किंगच्या एका कलमाचा अर्थच फिरवला आणि आधीच्या पद्धतीने केलेले नकाशे परत यायला लागले. आम्ही सगळे एकेकटे भेटून आलो. प्रत्येकाला उत्तर तेच, 'तुमचं बघून घेतो.' ज्याचं बघितलं गेलं तो गप्प बसला. लेखी विचारायला कोणी धजेना, कारण पुढच्या आठवड्यात दुसरी फाइल त्याच टेबलावर जाणार होती. शेवटी संघटनेने आकृतीसकट पत्र दिलं, वरच्या कार्यालयाचं मार्गदर्शन मागवलं आणि लेखी खुलासा आला. संघटनेच्या लेटरहेडची कुठलीच फाइल त्या टेबलावर अडकलेली नसते, तिची ताकद एवढीच. पण ही ताकद थोडी नाही.

दुसरं काम याहून कंटाळवाणं आणि म्हणून जास्त मोलाचं. नियमात फेरबदल करायचा तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत असते. फेरबदलाची ती जाहीर नोटीस वाचतो कोण? मोठ्या शहरांतल्या संघटना वाचतात आणि त्यांच्या अडचणी नियमात उतरतात. आपलं ऊन मात्र नियमात उतरत नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ ला टेकतो, तरी रत्नागिरीच्या पावसाला आणि रावेरच्या उन्हाला पुस्तक एकच. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांनी जाड मातीच्या भिंतींवर आणि मातीच्या छतावर उन्हाळे काढले. आता लहान प्लॉटवर आरसीसी स्लॅब टाकतो आणि वरच्या खोलीत दुपारी बसवत नाही. गच्चीवरची सावली, रुंद छज्जा, पश्चिमेच्या भिंतीची आडोशाची जाळी यांना बांधकाम क्षेत्राच्या मोजणीत सवलत हवी असेल तर ती मागायला पुण्याहून कोणी येणार नाही. (आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला १९३६ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचं नगर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक सामानातून उभं केलं होतं. फैजपूरला साइट असूनही हे ठाऊक नसलेले आर्किटेक्ट मला भेटलेत.)

फीबद्दल एक गैरसमज काढून टाका. 'संघटनेने रेट ठरवावा, त्याखाली कोणी काम करू नये' असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतोच. संघटनेने सगळ्यांचे दर बांधले तर स्पर्धा कायद्यात अडकायला होतं. कौन्सिलचं फीचं कोष्टक आहे, ते क्लायंटसमोर ठेवा आणि कामाची व्याप्ती लेखी करा. संघटनेने फार तर कराराचा चांगला मराठी मसुदा द्यावा. तेवढं झालं तरी निम्मी भांडणं मिटतील.

खरी परीक्षा कमिशनची. आर्किटेक्टसाठीच्या कौन्सिलच्या १९८९ च्या आचारनियमांनुसार ठेकेदाराकडून, दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही, आणि आधीचा आर्किटेक्ट असलेलं काम त्याला न कळवता उचलायचं नाही. आपल्याकडे दोन्ही सर्रास चालतं. संघटना कोणाची नोंदणी रद्द करू शकत नाही, पण ज्येष्ठांनी दोघांना समोरासमोर बसवलं की बरंच सुटतं. टाइल्सवाल्याच्या पैशावर जेवणारी संघटना कमिशनवर काय बोलणार, हा तुमचा टोमणा मात्र मला मान्य आहे.

इंजिनिअरांशी भांडण्यात शक्ती घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलंय की आर्किटेक्ट्स कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' हे नाव राखून ठेवतं, नकाशे काढण्याचं काम नाही. त्यात आपल्या काळ्या मातीत पाया घालताना शेजारच्या प्लॉटचा माती परीक्षण अहवाल बहुतेक वेळा इंजिनिअरकडेच सापडतो.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एका बैठकीला पाहुणे म्हणून जा आणि सचिवांना विचारा, मागच्या वर्षी महापालिकेला किंवा नगररचनेला दिलेली पत्रं दाखवता का? फाइल निघाली तर वर्गणी तिथेच भरा. सहलीचे फोटो निघाले तर चहा घेऊन घरी या, किंवा सभासद होऊन पहिलं पत्र तुम्हीच लिहा. मसुदा इथे टाकलात तर मी वाचून देईन.