ठोके ऐकण्याचा छंद आणि ठोके तपासण्याची भीती

स्वतःच्या शरीराकडे फार लक्ष देणे हे मनाच्या आजाराचे लक्षण आहे का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो. गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका बाईंनी तो असा विचारला : "हे रोज रात्री छातीला स्टेथोस्कोप लावून स्वतःच्या काळजाचे ठोके रेकॉर्ड करतात आणि हेडफोन लावून ऐकत बसतात. यांच्या मनावर काही परिणाम तर झाला नाही ना?" ओळख पटू शकेल असे तपशील बदलून ही हकिगत मी येथे मांडत आहे.

त्यांचे पती चाळिशीतले, चवथीला, म्हणजे गणेशोत्सवात, घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवणारे आणि गावोगावच्या घुमट आरत्या ध्वनिमुद्रित करून ठेवणारे. स्टेथोस्कोपच्या नळीत कॉलरला लावायचा छोटा माईक बसवून त्यांनी स्वतःच उपकरण तयार केले होते. हृदयाच्या आवाजाचा बराचसा भाग २० ते २०० हर्ट्झ इतक्या खालच्या पट्टीत असल्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर तो जेमतेमच ऐकू येतो, म्हणून हेडफोन. पहिला नाद कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्याचा, दुसरा महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्याचा, हे त्यांनी वाचून समजून घेतले होते. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात, हे मात्र त्यांनी स्वतःच्या कानाने टिपले होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक या वैद्याने रुग्ण स्त्रीच्या छातीला थेट कान लावण्याच्या संकोचामुळे कागदाची सुरळी लावली आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला; त्यामागे त्या अडचणीइतकेच असे कुतूहलही असावे, असे मला वाटते. इथवर काळजीचे काहीच कारण नव्हते.

पुढे एका रात्रीच्या ध्वनिमुद्रणात एक ठोका लवकर पडला आणि त्यानंतर लांब विराम आला. त्यांनी डॉक्टरांना दाखवले, हे योग्यच केले. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (चोवीस तास अंगावर बाळगून ठोक्यांची सलग नोंद करणारे यंत्र) या तपासण्या झाल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले की हृदयाची रचना उत्तम आहे आणि असे अधूनमधून येणारे जादा ठोके निरोगी माणसांतही आढळतात. दिलासा काही दिवसच टिकला. ते मध्यरात्री उठून नवे ध्वनिमुद्रण जुन्याशी ताडून पाहू लागले, पत्नीला छातीवर हात ठेवून खात्री करायला सांगू लागले. भीतीने अॅड्रेनलिन वाढते, त्याने ठोके जलद आणि जोरकस होतात, ते कानावर पडले की भीती आणखी वाढते. आणि तपासल्यावर मिळणारी क्षणभराची सुटका पुन्हा तपासण्याची सवय घट्ट करते.

म्हणून छंद बंद करा, असे मी सांगितले नाही. तसे केले असते तर भीतीलाच दुजोरा मिळाला असता, आणि एक खरा आनंदही गेला असता. आम्ही ठरवले ते एवढेच : ऐकायचे ते रविवारी सकाळी, मन स्वस्थ असताना, भीती वाटत असताना उपकरणाला हात लावायचा नाही, ती चढते आणि आपोआप ओसरते हे अनुभवायचे, जुन्या फितींशी तुलना करायची नाही. पहिले काही आठवडे त्यांना हे फार जड गेले. बाईंचा वाटा त्याहून कठीण होता, कारण "काही नाही हो, ठीक आहे सगळे" असे प्रेमाने म्हणणेही तपासणीचाच भाग बनले होते. त्याऐवजी "आता भीती वाटते आहे ना, मी इथेच आहे" एवढेच म्हणायचे, असे ठरले.

ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे, त्यांनी किती वेळ ऐकले यापेक्षा ऐकून झाल्यावर माणूस कसा उठतो ते पाहावे : समाधानाने, की पुन्हा ऐकण्याच्या ओढीने. मात्र धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे असे काही झाल्यास तो समुपदेशनाचा विषय नाही. तेव्हा वेळ न दवडता १०८ला फोन करावा.

हे गृहस्थ अजून ध्वनिमुद्रण करतात. एखाद्या रात्री हात उपकरणाकडे जातो, असे ते मोकळेपणाने सांगतात, आणि बहुतेक वेळा तो मागे घेता येतो.