डीपी काढला म्हणून काळजी

"माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्याभरापूर्वी त्यानं व्हॉट्सॲपचा डीपी काढला. स्टेटसला दुःखी शेर असतात, पहाटे तीनला ऑनलाइन दिसतो. डिप्रेशन तर नसेल? थोरली लेक नाशिकला सासरी आहे, तिची काळजी नाही. रोज हसरे फोटो टाकते." – एक आई, सांगली

ताई, पत्रात मुलाच्या स्टेटसबद्दल सगळं आहे. तो जेवतो का, कॉलेजला जातो का, याबद्दल अक्षरही नाही. रागावत नाहीये मी. लेकरू लांब गेलं की हाताशी मोबाइल तेवढा उरतो.

डीपी ब्रेकअपमुळे निघतो, परीक्षेमुळे निघतो, मित्रानं काढला म्हणूनही निघतो. आणि या वयातले शेर बहुधा एकाच कुणासाठी टाकलेले असतात. ते कुणी म्हणजे आई नव्हे!

हे ओळखणं संगणकालाही धड जमलेलं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १६६ जणांचे इन्स्टाग्रामवरचे सुमारे ४४ हजार फोटो त्याच्याकडून तपासून घेतले. नैराश्य असलेल्यांचे फोटो एकंदरीत जास्त निळसर, करडे, काळपट निघाले खरे, तरी त्यांच्यातले दहापैकी तिघे नजरेतून सुटलेच. तुमच्याकडे तर नुसता रिकामा गोल आहे.

मी अडखळले ती लेकीच्या वाक्यापाशी. सासू, नणंदा, जुन्या मैत्रिणी, सगळ्या बघणार असताना रडवेला फोटो कोण टाकेल? ती सुखात असेलही. पण ते तिच्या तोंडून ऐका.

मुलाला फोन करा. स्टेटसचा विषय मात्र काढू नका, नाहीतर उद्यापासून ते तुम्हाला दिसणारच नाही. "झोप लागते का रे? कशात मन रमतं का?" एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या. दोन आठवडे झोप-भूक उडालीय, आवडीचंही नकोसं झालंय असं कळलं, तर पुणं गाठा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. "जगणं नको वाटतं का?" हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं ठेवू नका.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हीही करा तिथं फोन. पहाटे तीनला तो ऑनलाइन आहे हे दिसतं, म्हणजे तुम्हीही जाग्याच असता.