मांजर मोजे हुंगून तोंड वासून का बसते?

घाण वास आला म्हणून ती तोंड वाकडं करते, असं वाटतं खरं, पण तसं नाही. उलट तो वास तिला इतका कामाचा वाटतो की ती तो नीट तपासून बघत असते.

मांजरीच्या टाळूला, वरच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे, दोन बारीक छिद्रं असतात. ती नाकाहून वेगळ्या अशा एका गंधेंद्रियाकडे जातात. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यचिकित्सकाने १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. घाम, मूत्र, दुसऱ्या मांजरांच्या खुणा यांतले रासायनिक संदेश तिथे कळतात.

आमची मनी बाहेरून आलेल्या चपलांशी हेच करते. आधी नाक अगदी चिकटवून हुंगते, मग मान वर, वरचा ओठ किंचित मागे, तोंड अर्धं उघडं आणि नजर कुठेतरी हरवलेली. चार-पाच सेकंदांत पुन्हा नेहमीसारखी! गावाकडे वळू गाईचं मूत हुंगून मान उंचावतो आणि वरचा ओठ मुडपतो, ते पाहिलंय ना? तीच ही क्रिया. घोडेही करतात.

तेव्हा तिला रागावू नका, मोजे हुंगू द्या. मात्र काहीही न हुंगता ती तोंड उघडून धापा टाकत असेल, तर थांबू नका, लगेच पशुवैद्यांकडे न्या. कुत्र्यासारखं धापणं मांजरीच्या बाबतीत नेहमीचं नसतं. त्यामागे हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असू शकतो.